लूपबाहेर काढलेले एक वाचन: कर्नलचा छोटा पॅच कसा तपासावा

लूपच्या प्रत्येक फेरीत पॉइंटरमागून (मेमरीतील पत्त्यावरून) वाचले जाणारे फील्ड (स्ट्रक्चरमधील एक मूल्य) लूपबाहेर एकदाच वाचून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवणारा चार ओळींचा पॅच (कोडमधील बदल) लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, आला, की तो इतका निरुपद्रवी दिसतो की लगेच संमती देण्याचा मोह होतो. वेग किती वाढला हे विचारण्याआधी, लूप चालू असताना ते मूल्य दुसरा सीपीयू बदलू शकतो का, हे पाहावे.

त्यासाठी फील्डला कोणत्या लॉकचे (एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या कुलपाचे) संरक्षण आहे ते शोधावे आणि तो लॉक लूपच्या आत सुटून पुन्हा घेतला जातो का, हे तपासावे. लॉक सोडणारी ओळ पुष्कळदा आतून बोलावलेल्या फंक्शनमध्ये दडलेली असते, त्यामुळे फक्त पॅच वाचून भागत नाही. लॉक मध्येच सुटत असेल, तर जुना कोड दर फेरीला ताजे मूल्य पाहत होता आणि नवा कोड शिळे मूल्य वापरेल.

लॉकशिवाय वाचन होत असेल, तर लोकल व्हेरिएबल घेतल्याने मेमरी एकदाच वाचली जाईल, असे मानू नये. कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तेच मूल्य पुन्हा मेमरीतून वाचायला लावू शकतो, आणि मग नल (रिकामा) नाही म्हणून तपासलेला पॉइंटर व प्रत्यक्ष वापरलेला पॉइंटर वेगळे निघू शकतात. येथे मूल्य एकदाच वाचायला लावणारा 'रीड वन्स' (READ_ONCE) मॅक्रो हवा, आणि लिहिणाऱ्या बाजूला 'राइट वन्स'. (जुन्या कोडमधील 'ॲक्सेस वन्स' ४.१५ आवृत्तीत काढून टाकला गेला.) मात्र वेगवेगळ्या पत्त्यांवरील लेखनाचा क्रम हे मॅक्रो राखत नाहीत, त्यामुळे एक्स८६ प्रोसेसरवर बिनबोभाट चालणारा असा कोड आर्म प्रोसेसरवर बिघडू शकतो.

यानंतर जुन्या व नव्या कोडची असेंब्ली (कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचना) ताडून पाहावी, कारण कंपायलरने ते वाचन आधीच बाहेर काढलेले असेल, तर वेगाचा दावाच उरत नाही. फील्ड एल१ कॅशमध्ये (सीपीयूजवळच्या सर्वांत वेगवान मेमरीत) असेल, तर टाळलेले वाचन मोजक्या सायकलचे असते. खरा फायदा होतो तो त्याच ६४ बाइटच्या कॅश लाइनवर (कॅशमध्ये एकत्र हलणाऱ्या मेमरीच्या तुकड्यावर) दुसरा सीपीयू सतत लिहीत असेल तेव्हा. मग 'पाहोल' (pahole) या साधनाने स्ट्रक्चरची मांडणी व 'पर्फ सीटूसी' (perf c2c) या साधनाने कॅश लाइनसाठीची ही ओढाताण पाहावी. फील्ड दुसऱ्या लाइनवर हलवणे हाच कदाचित योग्य पॅच ठरेल.

मोजमापाचा आग्रह धरणे म्हणजे हटवादीपणा नव्हे. लिंक्ड लिस्टच्या (पॉइंटरने जोडलेल्या यादीच्या) मॅक्रोंमधील प्रीफेच (वेगासाठी पुढचा डेटा आधीच मागवणे) २०११ मध्ये काढून टाकावे लागले. छोट्या याद्यांच्या शेवटी नल पत्त्याचे प्रीफेच उलट महाग पडत होते. म्हणून पॅचच्या लेखकाकडे सीपीयूचे मॉडेल, कंपायलरची आवृत्ती आणि अनेक वेळा घेतलेले आकडे मागावेत, आणि ते कमिट मेसेजमध्येच (पॅचसोबतच्या वर्णनातच) लिहायला सांगावे.