नाक टोचताना दुखणं कमी कसं ठेवायचं

घरी सुई तापवून नाक टोचू नका. हात थरथरला की भोक तिरकं जातं आणि तिरकं भोक महिनोन्‌महिने ठणकतं. टोचणाऱ्याकडे बंद पाकिटातली पोकळ सुई आहे ना, ते बघा. टोचायची बंदूक नको. ती कूर्चा (नाकाचं मऊ हाड) चेचते, शिवाय पूर्ण निर्जंतुक करता येत नाही.

जायच्या तासभर आधी पोटभर जेवा, उपाशीपोटी भोवळ येते. अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्त थांबायला वेळ लागतो. बर्फही टाळा, कातडी ताठ होते. बधिर करणाऱ्या मलमाचा असर वरवरचाच, कूर्चेपर्यंत फारसा पोचत नाही.

सुई जाताना श्वास सावकाश सोडत राहा, रोखून धरू नका. डोळ्यांतून पाणी येणारच. ते रडू नव्हे, नाकाच्या नसेची प्रतिक्रिया आहे.

खरी कसोटी पुढच्या आठवड्यात. नाकपुडी सुजते, म्हणून पहिली चमकी जरा लांब दांडीची, इम्प्लांट दर्जाच्या (शरीरात बसवायला योग्य) टायटॅनियमची हवी. आखूड दांडी सुजेत रुतते. ठणका वाटला तर प्रौढांना पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ चालतं, यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवसातून दोनदा ०.९% सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) गॉज, म्हणजे जाळीदार पट्टी, भिजवून भोकावर ठेवा, खपली आपोआप सुटते. हळद-तेलाचा लेप नको, त्याखाली घाण साचते. चमकी फिरवत बसू नका. टॉवेलचा धागा अडकतो, तेही सांभाळा.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. चमकी स्वतः काढू नका, भोक मिटून पू आत अडकू शकतो.