ठाण्याचं लग्न आणि अलिबागची वाट: इस्रायलहून निघण्याआधी

आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. ठाण्याला नात्यातल्या लग्नाला जायचं, तर अलिबागकडचं पूर्वजांचं गावही शोधून यावं. लग्नाची तारीख कानावर आली की साडीच्या आधी पासपोर्ट बघायचा. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर तो नवा करून घ्या. एका फेरीपुरतं जायचं असेल तर ई-व्हिसा पुरतो. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा भारताचे नागरिक होते, त्यांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड मिळू शकतं. परत परत जायचं मनात असेल तर तेच काढावं. पण त्याची सुरुवात फार आधी करा. आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट, जन्मदाखले, लग्नाचे दाखले हे सगळं जुळावं लागतं आणि आपल्या लोकांचं घोडं अडतं ते आडनावापाशी. इथे इस्रायलला आल्यावर कुणी शेवटचं ‘कर’ गाळलं, कुणी हिब्रू आडनाव घेतलं. नाव बदलल्याचा सरकारी कागद हाताशी नसेल तर आजोबा तुमचेच, हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

गाव शोधण्याचं निम्मं काम विमानात बसायच्या आधीच उरकतं, हे माझं ठाम मत. इथे लोद, दिमोना, अश्दोदला जी वडीलधारी मंडळी आहेत त्यांच्याकडे वही घेऊन बसा. गावाचं नाव आडनावच सांगतं: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. पण एकाच आडनावाची घरं नात्यातली असतीलच असं नाही. म्हणून आळी विचारा, शेजारी कोण होते ते विचारा, तेलाचा घाणा कुठे होता ते विचारा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ही खूण आडनावापेक्षा लवकर पटते. वहीत प्रत्येक पूर्वजाची दोन्ही नावं लिहा. मुंबईत 1796 साली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, आपलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल हेच समाजी हसाजी दिवेकर. तुमचा अब्राहाम कागदावर आबाजी असू शकतो. जिल्हाही रायगड म्हणून शोधू नका. 1981 पर्यंत तो कुलाबा होता. फार जुना कागद मोडीत असेल, तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवावा.

गावाला लग्नाआधी जायचं, नंतर नाही. कबरींचे फोटो हातात घेऊन मांडवात गेलात की सगळी मावशी-आत्या मंडळी एकाच ठिकाणी सापडतात, आणि ‘ही कोण?’ यावर जो वाद रंगतो त्यात अर्धी वंशावळ भरून निघते. ठाण्याहून पनवेल, पेण, वडखळवरून गाडीने अलिबाग गाठा, किंवा मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला उतरा. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. अलिबागच्या इस्रायल आळीतली मशीद आणि रेवदंड्याची बेथ एल मशीद बघायची तर आधी फोन करून ठेवा, कारण किल्ली सांभाळणारा माणूस दारात बसलेला नसतो. ओळखपत्र मागतात, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. नवगावला, जिथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले असं मानतात, तिथे आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, जागी सकाळीच जा, उन्हं चढल्यावर हाल होतात.

कबरस्तानासाठी वेगळी पिशवी करा: मऊ ब्रश, पाण्याची बाटली, बंद बूट, पायभर कपडे. गवतात साप असतात, चपला चालणार नाहीत. अक्षरं खडूने किंवा टोकदार वस्तूने उठवू नका. तिरप्या उन्हात मराठी आणि हिब्रू दोन्ही नीट वाचता येतात. प्रत्येक दगडाचा एक फोटो जवळून आणि एक आजूबाजूच्या कबरींसकट घ्या, कारण शेजारची कबर बहुतेक घरातल्याच कुणाची असते.

लग्नाचं सामान त्या मानाने सोपं. मेंदीला हिरवं काहीतरी हवं, हजानसमोर, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यासमोर, बसायला किप्पा (डोक्यावरची छोटी टोपी) आणि अंगभर कपडे. मलिद्याचे, म्हणजे आपल्या प्रसादाच्या गोड पोह्यांचे, पोहे, गूळ, नारळ तिथे मिळतात, आपण मोठा मऊ खजूर न्यावा. तो बघून आत्या खूश होतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी न वापरणारी मंडळी बरोबर असतील तर मशिदीपासून चालत जाता येईल अशी खोली आधीच घ्या. ठाण्यात हे ऐन वेळी जमत नाही.

फोटो मोबाइलवर ठेवू नका. मेंदीच्या आदल्या दिवशी मोठे छापून घ्या, मागे नंबर घाला, आणि नावं लिहायला एखादा भाचा वहीसकट बसवा.