बाळाला दाण्याचा कूट कधी? अ‍ॅलर्जीवरच्या संशोधनाची बातमी अशी वाचा

‘लहानपणीच शेंगदाणे खाऊ घातले की त्यांची अ‍ॅलर्जी होत नाही, हे सिद्ध झालंय!’ असा निरोप तुमच्याही फोनवर आला असेल. गंमत नव्हे, काळजीची गोष्ट अशी की काही वर्षांपूर्वी नेमकं याच्या उलट सांगितलं जात होतं. ज्या घरात अ‍ॅलर्जी आहे तिथल्या बाळांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणे देऊ नका, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली दिला. २००८ मध्ये तो मागे घेतला. दोन्ही वेळी आईवडिलांनी ऐकलंच, कारण प्रश्न पोटच्या पोराचा होता.

म्हणून बातमी वाचल्या वाचल्या वाटी-चमचा घेऊन बसू नका. कसं तपासायचं ते लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या चमूनं केलेल्या ‘लीप’ या अभ्यासावरूनच सांगते. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले आणि वरचा निरोप त्यातूनच निघालेला आहे.

पायरी १ : अभ्यासात कोणती मुलं होती?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लीपमध्ये ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. सरसकट कुठलीही नव्हेत, तर ज्यांना तीव्र इसब होता किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती अशी. सुरुवातीलाच त्वचेवर टोचून चाचणी केली. ज्यांच्या अंगावर ४ मिलिमीटरपेक्षा मोठी गांधी उठली, त्यांना अभ्यासात घेतलंच नाही, कारण त्यांना आधीच अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता दाट होती.

हे वाक्य फोनवरच्या निरोपात कधीच नसतं, आणि धोका तिथेच आहे. ज्या मुलाला दाण्यांनी एकदा त्रास झालाय, त्याला ‘थोडं थोडं देऊन सवय लावू’ असं लीप कुठेही सांगत नाही. अशा मुलावर घरी प्रयोग करायचा नाही. अजिबात नाही.

पायरी २ : तुलना कशी केली?

लॅक यांच्या चमूनं २००८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत दाण्यांच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण १.८५ टक्के होतं, इस्रायलमधल्या मुलांत ०.१७ टक्के. इस्रायलची बाळं वर्षाच्या आतच दाण्याचा खाऊ खायची, ब्रिटनची खायची नाहीत. धागा मिळाला, पण हा पुरावा नव्हे. दोन देशांत आणखी शंभर गोष्टी वेगळ्या असतात. लीपमध्ये मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसं बाळांना दोन गटांत वाटलं : एका गटानं पाच वर्षांची होईपर्यंत दाणे खायचे, दुसऱ्यानं टाळायचे. बातमीत ‘आढळून आलं’ एवढंच असेल, तर ते निरीक्षण आहे की असा वाटून केलेला प्रयोग, हे शोधा.

पायरी ३ : टक्क्यांमागची मुलं मोजा

सुरुवातीच्या चाचणीत गांधी न उठलेल्या बाळांपैकी, दाणे टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी निघाली, खाणाऱ्यांत १.९ टक्के. म्हणजे शंभरातली जवळपास बारा मुलं वाचली. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ज्याला इसब नाही, अंड्याचा त्रास नाही, अशा बाळाला मुळात धोकाच कमी, तेव्हा त्याच्या बाबतीत शंभरातली बारा असा हिशेब धरू नका.

पायरी ४ : मोजलं काय?

रक्ताच्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नाही. पुष्कळ मुलं तो पदार्थ खुशाल पचवतात. लीपमध्ये शेवटी मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाणे खायला देऊन पाहिलं, म्हणून त्याचं वजन जास्त. केवळ रक्ताच्या अहवालावरून मुलाचं दूध, अंडं, गहू बंद केलेली घरं पाहिली की जीव तुटतो.

पायरी ५ : घरी कसं द्यायचं?

बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाकीच्यांनी वरचं खाणं सुरू झाल्यावर, बाळ ठणठणीत असलेल्या दिवशी, दिवसाउजेडी सुरुवात करावी.

अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत नको, श्वासनलिकेत अडकतो. आपला नेहमीचा भरड कूटही चालणार नाही. खवट किंवा बुरशी आलेले दाणे निवडून टाका, चांगले भाजा, सालं काढा, वस्त्रगाळ म्हणावं इतके बारीक वाटा आणि मऊ भातात किंवा नाचणीच्या पेजेत पातळ कालवा. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्या. दहा मिनिटं थांबा. मग उरलेलं सावकाश भरवा आणि पुढचे दोन तास बाळावर लक्ष ठेवा.

लीपमधली मुलं आठवड्याला निदान ६ ग्रॅम दाण्याची प्रथिनं खात होती, तीन किंवा अधिक वेळांत विभागून. दाण्यांत साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणजे एका वेळी सुमारे ८ ग्रॅम कूट झाला. पहिल्याच दिवशी एवढा नको. हळूहळू तिथवर या. पचला तर पुढे मध्येच सोडू नका, आठवड्याच्या जेवणात राहू द्या. लीपमधली मुलं सरासरी तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही लहानपणी खाणाऱ्यांत अ‍ॅलर्जी ४.४ टक्के होती, टाळणाऱ्यांत १५.४ टक्के.

गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलटी झाली, तर पुढचा घास थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. खोकला, घरघर, आवाज बसणं, बाळ एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर अंगावरच्या पित्ताचं औषध पाजत बसू नका. त्या वेळी मांडीत दिलेलं अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. महाराष्ट्रात असाल तर १०८ ला फोन लावा, बाळाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर मांडीवर बसतं धरा, आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं हे रुग्णवाहिका आल्या आल्या सांगा.