वाचलेल्या पुस्तकांची वही कशी लिहावी

पुस्तक संपलं की लगेच पेन उचलू नका. एक रात्र जाऊ द्या. सकाळी पुस्तक न उघडता जे आठवतं ते आधी लिहा. पान क्रमांक नंतर शोधा. मी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठावर लिहिते, ऊन चढायच्या आत.

प्रत्येक प्रकाराला प्रश्न वेगळा. कादंबरीला विचारा, कोण अजून सोबत चालतंय? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचून मला दुष्काळात ओस पडणारं गावच आठवत राहिलं. माझे आजोबा असेच सांगोल्याकडचं शिवार सोडून इथे गिरणीत आले, म्हणून असेल. असलं घरचंही वहीत येऊ द्या.

आत्मचरित्रात लेखक कुठे घाईने पुढे सरकला ते टिपा. विज्ञानकथेचं गृहीतक एका वाक्यात मांडा. इतिहासाला तारखा हव्यातच. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, हे वाचून मी इथल्या त्यांच्या चार पुतळ्यांपाशी गेले आणि तिथेच उभ्याने नावं लिहिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.

कविता मोठ्याने वाचा. जिथे आवाज अडला, तेवढीच ओळ उतरवा.