केरीच्या सड्यावरून चौघांनी मिळून उडायचे तर

चोर्ला घाटात उभे राहिले की सुर्ला-म्हादईच्या दऱ्या उडण्यासाठीच घडवल्यासारख्या वाटतात. पण खाली अभयारण्याचे सलग रान आहे, खळ्याएवढी मोकळी जागा नाही. उतरायला जागा नसलेली दरी कितीही देखणी असली तरी तिच्यावर उडू नये. म्हणून गोव्यात पॅराग्लायडर समुद्राकडे न्यायचा, पेडण्यातल्या हरमल-केरीच्या जांभ्याच्या कड्यावर. खालील माहिती प्रशिक्षण पूर्ण करून एकट्याने उडणाऱ्यांसाठी आहे.

सगळ्यात आधी परवानगी. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि हा कडा त्याच्या शेजारातच येतो. उडायला मुभा आहे का, किती उंचीपर्यंत, हे पोलीस ठाण्यात आणि विमानतळाकडे विचारल्याशिवाय विंग, म्हणजे ग्लायडरचा कापडी पंख, पिशवीबाहेर काढू नका. जानेवारी २०२५ मध्ये या कड्याच्या माथ्यावरच्या सपाट सड्यावरून उडालेल्या टँडमच्या (पायलटसोबत प्रवासी नेणाऱ्या ग्लायडरच्या) अपघातात पर्यटक तरुणी आणि पायलट दोघेही दगावले. इथे चुकीला माफी नाही, हे चौघांनीही मनात पक्के धरावे.

वारा

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. त्या वेळी कड्याच्या तोंडाशी हवा खाली कोसळते आणि भोवरे होतात. वारा कितीही मंद वाटला तरी सकाळी उडायचे नाही. ऊन चढून जमीन तापली की दुपारच्या सुमारास खारे वारे सुरू होतात, दोन ते चारच्या दरम्यान जोरात येतात आणि सूर्यास्ताकडे पडतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा भरवशाचा काळ. पावसाळ्याचे नाव काढू नये.

वेगमापक कड्याच्या अगदी धारेवर, डोक्याच्या उंचीवर, पाच मिनिटे धरा. सलग ताशी १८ ते २२ कि.मी. वारा चांगला. २५ च्या वर गेला, किंवा सरासरी आणि झोत यांत ७-८ कि.मी.हून जास्त फरक पडला, तर बसून राहा. विंगचा नेहमीचा वेग ताशी ३६-३८ कि.मी. असतो आणि कड्याच्या माथ्यावर वारा दाबला जाऊन आणखी वाढतो. वर गेल्यावर पुढे सरकताच येत नाही असे झाले, तर तुम्ही मागे सड्यावरच्या भोवऱ्यात ढकलले जाणार. दिशा कड्याला काटकोनात हवी, फार तर ३० अंश इकडेतिकडे. समुद्राकडेही बघा: पांढऱ्या फेसाच्या लाटा तुरळक असतील तर ठीक, सगळीकडे दिसू लागल्या तर दिवस संपला. विंग उचलताना हार्नेस (ज्यात पायलट बसतो ती पट्ट्यांची बैठक) धरायला माणूस लागत असेल, तर त्या वाऱ्यात उडायचे नाही.

भरती

नवख्यांची पंचाईत इथे होते. उडताना खाली रुंद वाळू असते, तासाभराने उतरायला जावे तर पाणी सुरूच्या झाडांपर्यंत. कोकणात चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे एकादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या या दिवसांत दुपारनंतर किनारा उघडा मिळतो; षष्ठी ते नवमीला नेमकी संध्याकाळी भरती असते. अंदाज म्हणून हे पुरेसे, पण निघताना छापील भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

विंग पसरताना

जांभा म्हणजे किसणी. विंग ओढत नेली की कापड झिजते आणि बारीक दोऱ्या दगडांच्या भोकांत अडकतात. म्हणून जाड ताडपत्री आधी अंथरा. प्रत्येक दोरी दोन बोटांच्या चिमटीत धरून वरपासून रायझरपर्यंत, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांपर्यंत, ओढत या. वरचे आवरण जिथे खरखरीत किंवा मऊ, पोकळ लागेल, तिथे आतला धागा तुटलेला असतो. ती दोरी बदलेपर्यंत उड्डाण नाही. मग मांडीचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (विंग हार्नेसला जोडणाऱ्या कड्या) बंद, रिझर्व्हची (आणीबाणीच्या पॅराशूटची) पिन, हेल्मेट. हे सगळे मोठ्याने म्हणत तपासायचे आणि दुसऱ्या मित्राने हात लावून पुन्हा तपासायचे. गप्पांच्या नादात मांडीचे पट्टे राहतात, आणि ते उडाल्यावरच कळते.

विंग धारेच्या जमेल तितकी जवळ मांडा. धारेपासून मागे हवा फसवी, कधी उलटीसुद्धा असते. विंगकडे तोंड करून उचला, डोक्यावर स्थिर झाली की वळा. ओढले जात असाल तर मागचे रायझर खेचा आणि विंगच्या दिशेने धावा. मागे रेटून उभे राहिलात तर ती तुम्हाला फरपटत नेते.

हवेत चौघे

एका वेळी दोघे हवेत, एक सड्यावर, एक खाली किनाऱ्यावर वाऱ्याची पट्टी आणि रेडिओ घेऊन. प्रत्येक वळण समुद्राकडे, कड्याकडे कधीही नाही. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला कडा आहे तो सरळ जातो, दुसरा समुद्राकडे सरकतो. वरच्याने खालच्याला जागा द्यायची, कारण खालच्याला स्वतःच्या विंगमुळे वरचे दिसतच नाही. पुढच्याला ओलांडू नका, वळून मागे या. मागे ढकलले जात आहोत अशी नुसती शंका आली तरी लगेच स्पीडबार (पायाने दाबून वेग वाढवायची दांडी) दाबा आणि समुद्राकडे निघा.

उतरताना

कड्याखालच्या वाळूवरही हवा वर उचलत राहते, त्यामुळे तिथे खाली येणे लांबते. केरीच्या मोकळ्या किनाऱ्याकडे जाऊन उतरा, पण तेरेखोल नदीच्या मुखापासून लांब; तिथल्या पाण्याला ओढ फार. शेवटचे ३० मीटर वाऱ्याच्या तोंडावर सरळ. पाण्यापासून निदान दोन विंग अंतर ठेवा, कारण लाटेचे पाणी विंगच्या कप्प्यांत भरले की ती नांगरासारखी आत ओढते. लाइफ जॅकेट आणि दोरी कापायचा आकडीचा चाकू प्रत्येकाकडे हवाच. पाण्यात पडलातच तर पट्टे सोडून विंगपासून दूर व्हा. हार्नेसमधला फोम तरंगतो आणि माणसाला पालथा पाडतो.

घरी आल्यावर विंग उलटी धरून मागच्या कडेत साठलेली वाळू झाडून काढा. ती कापड आतून कापते. समुद्राच्या पाण्यात भिजलेली विंग आणि दोऱ्या गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच घडी घाला.