मोठा ४के मॉनिटर घ्यायचाय? आधी टेबल मोजा

माझा पहिला मोठा मॉनिटर ४३ इंचांचा होता आणि टेबल जेमतेम ६० सेंटिमीटर खोल. स्टँडने मागची जागा खाल्ल्यावर डोळे आणि स्क्रीन यांच्यात दोन वितींचं अंतर उरलं. गेममधला नकाशा डावीकडे खाली, गोळ्या किती उरल्यात ते उजवीकडे खाली, आणि मी टेनिसची मॅच बघतोय तशी मान हलवत बसलेला. महिनाभरात मान धरली. मॉनिटर उत्तम होता, निवडीचा क्रम चुकला होता. मी आधी ऑफर पाहिली आणि टेबल शेवटी. खालचा क्रम बरोब्बर उलटा आहे.

पायरी १: अंतर मोजा, मग कागद चिकटवा

रोज जसे बसता तसे बसा, ताठ वगैरे न होता. डोळ्यांपासून स्क्रीन जिथे येईल तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मोठ्या मॉनिटरचा स्टँड २० ते २५ सेंटिमीटर जागा सहज घेतो, ती धरायला विसरू नका. टेबल उथळ असेल तर मॉनिटर आर्मचा, म्हणजे स्टँडऐवजी स्क्रीन धरणाऱ्या हाताचा, विचार आत्ताच करा. मग मागच्या बाजूला व्हेसाची, म्हणजे आर्म बसवायची प्रमाणित भोकं आहेत का आणि आर्मला मॉनिटरचं वजन पेलतं का, हेही पाहावं लागेल.

आता जुनी वर्तमानपत्रं जोडून स्क्रीनच्या मापाचा कागद करा. २७ इंची म्हणजे साधारण ६० बाय ३४ सेंटिमीटर, ३२ इंची ७१ बाय ४०, ३४ इंची अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा जास्त रुंद स्क्रीन) ८० बाय ३३ आणि ४३ इंची ९५ बाय ५४. कागद मोजलेल्या अंतरावर लावून समोर दहा मिनिटं बसा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. चारही कोपरे मान न वळवता, नुसती नजर फिरवून दिसले पाहिजेत. हा प्रकार बावळट वाटतो, पण दुकानात उभं राहून दोन मीटरवरून स्क्रीन बघण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

पायरी २: अंतरावरून पिक्सेल ठरवा

‘४के’ हा शब्द एकटा काही सांगत नाही. त्याचे ३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, २७ इंचांत कोंबले तर इंचाला १६३ बसतात, ३२ इंचांत १३८ आणि ४३ इंचांत जेमतेम १०२. म्हणजे ४३ इंची ४केवर अक्षरांची धार २७ इंची १४४०पीपेक्षाही (२५६० बाय १४४० पिक्सेल) कमी असते, कारण तिथे इंचाला १०९ असतात. आणि १४४०पीच ३२ इंचांवर ताणलं की घनता ९२वर येते, म्हणजे साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरइतकी. मोठी स्क्रीन घेऊन अक्षरं तेवढीच दातेरी राहिली, अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच बिनसलेलं असतं.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो: ३४३८ला पिक्सेल घनतेने भागा, येईल तितक्या इंचांपलीकडे सुटे पिक्सेल दिसेनासे होतात. ३२ इंची ४केसाठी हे अंतर २५ इंच, म्हणजे ६३ सेंटिमीटर. २७ इंची १४४०पीसाठी ८०. बहुतेक जण ६० ते ७५ सेंटिमीटरवर बसतात, त्यामुळे काम आणि गेम दोन्हींसाठी मी ३२ इंची ४केच सुचवतो.

कामापुरता एक इशारा. ४के घेतलं की स्क्रीनवर चौपट जागा मिळेल असं समजू नका. २७ इंची ४केवर अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोजचं स्केलिंग १५० टक्के ठेवावं लागतं, आणि मग खिडक्यांना मिळणारी जागा २५६० बाय १४४० इतकीच उरते. अक्षरं कोरीव दिसतात, पण एक्सेलचे रकाने वाढत नाहीत. ३२ इंचांवर १२५ टक्के बऱ्याच जणांना चालतं, तिथे खरी जागा वाढते.

पायरी ३: ग्राफिक्स कार्डला विचारा

१४४०पीमध्ये सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, ४केमध्ये ८३ लाख. प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे एकेका चित्रामागे, कार्डाला सव्वादोन पट पिक्सेल रंगवायचे असतात. आजच्या कार्डावर तुमचे आवडते गेम १४४०पीला किती फ्रेम देतात ते बघा. तिथेच सेकंदाला ६० फ्रेम देताना धाप लागत असेल तर ४के १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन तो निम्मा रिकामाच पळेल. अर्थात डीएलएसएस किंवा एफएसआर सुरू केलं की कार्ड आतून कमी रिझोल्यूशनला चित्र काढतं आणि ४केपर्यंत वाढवतं. ४केवर हे इतकं छान दिसतं की मी ते आता बंदच करत नाही.

या हर्ट्झचा, म्हणजे रिफ्रेश रेटचा, हिशेब मिलिसेकंदांत करा, म्हणजे मोह आवरतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला ६.९ आणि २४०ला ४.२. पहिली उडी कोणालाही जाणवते. दुसरी स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांना जाणवते. तुम्ही त्यांतले असाल आणि दिवसभर मजकूर वाचत नसाल, तर ४केचा नाद सोडून २७ इंची १४४०पी २४० हर्ट्झ घ्या.

पायरी ४: पॅनेल

पॅनेल म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा पडदा. इथे काम आणि गेम यांचं सर्वात जास्त भांडण होतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून त्याचा काळा म्हणजे खरंच काळा, आणि पिक्सेल क्षणार्धात बदलतात. अंधाऱ्या खोलीत गेम खेळताना दुसरं काही नको वाटतं. पण सकाळी त्याच स्क्रीनवर पांढरं डॉक्युमेंट उघडलं की पूर्ण पांढऱ्या चित्राला त्याचा उजेड आवरता घेतला जातो. त्यातल्या उपपिक्सेलची (पिक्सेलमधल्या रंगीत भागांची) मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसू शकते. ३२ इंची ४केवर ती मला फारशी खटकली नाही, पण १४४०पीवर खटकते. शिवाय टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी चित्रं कालांतराने कायमची उमटण्याचा धोका असतो. या बर्न-इनला वॉरंटी लागू आहे का हे लेखी वाचा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

आयपीएस हा एलसीडीचा एक प्रकार, घरातला शहाणा मुलगा: रंग नेमके, बाजूने पाहिलं तरी फारसे न बदलणारे, मजकूर स्वच्छ. उणीव काळ्याची, कारण कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण १०००:१ असतो आणि रात्रीच्या दृश्यात काळा राखाडी दिसतो. व्हीए हे दुसरं एलसीडी पॅनेल ३०००:१च्या आसपास किंवा वर जातं, पण स्वस्त व्हीएमध्ये गडद वस्तू हलल्या की मागे काळपट फराटे उठतात. मिनी एलईडी बॅकलाइट, म्हणजे एलसीडीमागे बारीक दिव्यांचे अनेक गट, हा मधला मार्ग. उजेड भरपूर मिळतो, पण काळ्या पार्श्वभूमीवर माउसच्या बाणाभोवती पुसटसं तेजोवलय दिसू शकतं.

दिवसाचे आठ तास काम आणि दोन तास गेम असेल तर आयपीएस. प्रमाण उलटं असेल तर ओएलईडी.

पायरी ५: पोर्ट

एचडीएमआय २.० वरून पूर्ण रंगांसह ४के फक्त ६० हर्ट्झला मिळतं. १२०साठी एचडीएमआय २.१ लागतं. मेख अशी, की डब्यावर ‘२.१’ छापलेलं असूनही आत जुन्या वेगाचं पोर्ट असू शकतं, कारण त्या नियमावलीत नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. म्हणून आकडा न बघता ‘एचडीएमआयवर ४के १२० किंवा १४४ हर्ट्झ’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर डीएससी कॉम्प्रेशन वापरून ४के १४४ सहज चालतं, आणि त्या कॉम्प्रेशनमुळे डोळ्याला फरक जाणवत नाही.

पीएस५ (प्लेस्टेशन ५) जोडणार असाल तर ‘फ्रीसिंक’ची खूण पुरेशी नाही, त्याला एचडीएमआयचा स्वतःचा व्हीआरआर (गेमच्या फ्रेमनुसार रिफ्रेश रेट बदलायची सोय) हवा. पीएस५ अल्ट्रावाइडही भरत नाही, दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात. ऑफिसचा लॅपटॉप आणि गेमिंग पीसी एकाच मॉनिटरवर चालवायचे असतील तर यूएसबी-सीमधून किमान ६५ वॉट मिळतात का आणि केव्हीएम आहे का ते पाहा. केव्हीएम असला की कीबोर्ड-माउस एका बटणावर इकडून तिकडे जातात. माझ्या लेखी हे बटण शंभर जादा हर्ट्झपेक्षा मोलाचं आहे.

पायरी ६: डब्यावरच्या जाहिराती

‘डिस्प्लेएचडीआर ४००’ हे मानक साध्या एलसीडीवर असेल तर खऱ्या एचडीआरची (एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवण्याची) अपेक्षा ठेवू नका, कारण त्यात लोकल डिमिंगची, म्हणजे स्क्रीनचे भाग वेगवेगळे मंद करण्याची, अट नाही. ‘१ मिलिसेकंद’ कशाचा ते विचारा, मोजायच्या पद्धती दोन आहेत आणि छापला जातो तो सोयीचा आकडा. वक्र स्क्रीन अल्ट्रावाइडला शोभते, पण सरळ रेषांचं काम करणाऱ्यांनी सपाटच घ्यावी.

पायरी ७: घरी आल्यावर

सोबत आलेलीच केबल वापरा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रगत भागात जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वरच चालवत बसलेले लोक मी स्वतः पाहिलेत, मीही त्यांतला एक होतो. व्हीआरआर मॉनिटरच्या मेनूत आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करा. मग अनुक्रमे काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग पूर्ण स्क्रीनवर आणून मेलेले पिक्सेल शोधा, आणि दिवे बंद करून काळ्या पडद्यावर कडांतून उजेड झिरपतोय का ते बघा. हे सगळं पहिल्याच दिवशी करा, परत करायची मुदत संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल टाकू नका.