तहसीलदारांसमोर गाऱ्हाणे मांडताना
वादळाने केळीची बाग आडवी झाली आणि पंचनाम्याच्या यादीतून आपला गट क्रमांक सुटला, तर रावेर-यावलकडील शेतकऱ्याने तहसीलदारांपुढे तलाठ्याच्या चुकीपासून सुरुवात करू नये. हाताखालच्या माणसावर आरोप झाला की साहेब आधी त्याचीच बाजू सावरतात. ‘साहेब, यादीत माझा गट दिसत नाही, फेरपाहणीचा आदेश व्हावा,’ एवढीच नेमकी मागणी करावी आणि सातबारा, बागेची छायाचित्रे व अर्जाच्या दोन प्रती पुढे ठेवाव्यात. पुढाऱ्याचा फोन आधीच लावून देण्याची आपल्याकडची खोड बहुधा काम अडवते. ‘बघू’ असे उत्तर आल्यास हुज्जत न घालता ‘पुन्हा कधी येऊ?’ असे विचारावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेऊनच निघावे.